कबदी

"हाज्जा, श्वास धरा," डॉक्टर निर्मीन म्हणाली. श्वास धरला की यकृत हलायचं थांबतं आणि नीट मोजता येतं. प्रत्यारोपणानंतर यकृताचा तुकडा किती वाढतो, यावर मन्सूरा शहरातल्या इस्पितळात तिचं संशोधन चाललं होतं.

हज करून आलेल्या हाज्जा इनशिराहनं गाल फुगवून श्वास धरला. सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृत मात्र संथपणे वरखाली होत राहिलं.

"फसवू नका हं!"

हाज्जानं जोरात मान हलवली. निर्मीननं तिच्या छातीवर हात ठेवून पाहिला. छाती खरंच हलत नव्हती.

"मशीन बिघडलंय," निर्मीन म्हणाली.

श्वास सोडत हाज्जा हसली. "त्याला कशाला बोल लावतेस, बाई? माझ्या सामेहनं दिलेला तुकडा तो. मेला बसेल तिथे झोपतो!"

सामेह बाहेर बाकावर घोरत होता. हाज्जा त्याला 'कबदी' म्हणे, म्हणजे अरबीत माझं यकृत. आपण पोराला काळीज म्हणतो, तसं इथल्या आया म्हणतात.

नको असतानाही निर्मीनचे कान दाराकडे लागले. घोरणं चढलं की यकृत खाली सरके, उतरलं की वर येई.

मग घोरणं थांबलं. यकृतही थांबलं. हाज्जाची छाती आता भात्यासारखी चालली होती.

"मुलाला हाक मारा," निर्मीन हळूच म्हणाली.

"अरे कबदी!" हाज्जा खणखणीत ओरडली.

बाहेरून ओ आली नाही. पडद्यावरचं यकृत मात्र हाकेसरशी दचकलं.