पाहुणीचा ग्लास

गोरी बाई न विचारता माठावरचं झाकण उचलून आत डोकावली, तेव्हाच अन्नपूर्णाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पाहुणी म्हणून आलेलं माणूस माठात डोकावत नाही. ही तपासायला आली होती.

सोबत पुण्याच्या सुवर्णा मॅडम होत्या. बाईचं बोलणं मराठीत आणि गावाचं इंग्रजीत करायला. सकाळपासून दोघींनी अकरा घरं पालथी घातली होती. प्यायला पाणी कुठलं, स्वयंपाकाला कुठलं, रोज किती कॅन लागतात. उत्तर ऐकून बाई गोड हसायची आणि मग हातातल्या कागदावर बराच वेळ लिहायची. एवढ्याशा उत्तरात एवढं लिहिण्यासारखं काय असतं, हे अन्नपूर्णाबाईंना काही केल्या कळेना. गावच्या पाणी समितीच्या अध्यक्ष म्हणून त्या मागोमाग फिरत होत्या आणि कागदाकडे वाकून वाकून पाहत होत्या. अक्षर दिसत होतं, वाचता मात्र येत नव्हतं.

धास्ती कशाची होती ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वरवट बकालच्या आसपासचा हा सगळा खारपाणपट्टा, विहिरींचं पाणी खारं आणि किडन्या खाणारं. चार वर्षांपूर्वी बाईच्या देशानं मदत म्हणून पाणी गोडं करायचं मशीन बसवून दिलं आणि करारात एक कलम घातलं. गाव हे पाणी पीत नाही असं दिसलं, तर मशीन काढायचं आणि यादीतल्या पुढच्या गावाला द्यायचं. द्यायचं तर द्यावं, वर मदतीला दोरी कशाला बांधून ठेवायची, म्हणून अन्नपूर्णाबाईंना त्या कलमाचा मनस्वी राग होता. पण राग गिळावा लागे. त्यांचा थोरला, गणेश, मशीन यायच्या आधीच दोन्ही किडन्या गमावून बसला होता. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला अकोल्याला न्यावं लागायचं. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ग्लासावर मोजून दिलं होतं आणि त्यात खाऱ्या विहिरीचा थेंबही नको, असं बजावलं होतं.

शेवटी सगळे मशीनच्या खोलीपुढे लिंबाखाली बसले. भागवत, म्हणजे मशीन चालवणारा त्यांचा पुतण्या, लगबगीनं पुढे आला आणि त्यानं बाईसमोर ट्रे धरला. ट्रेमध्ये वरवटहून मुद्दाम आणलेल्या सीलबंद बाटल्या होत्या, चांगल्या गार. मोठा पाहुणा आला की त्याला गावचं पाणी द्यायचं नाही, बाटलीचं द्यायचं, ही आता इकडची रीतच झाली आहे. लग्नात वरपक्षापुढे साधा ग्लास ठेवला तर व्याही रुसतो. बाटल्यांचं खोकं अन्नपूर्णाबाईंनीच मागवलं होतं.

बाईनं बाटलीकडे पाहिलं, मग मशीनकडे. मग ती सुवर्णाच्या कानाशी काहीतरी बोलली.

"त्या विचारतायत," सुवर्णा म्हणाली, "मशीनचं पाणी चांगलं आहे, तर आमच्यासाठी विकतचं का आणलं?"

पाहुणचार असा अंगाशी येईल हे अन्नपूर्णाबाईंच्या स्वप्नातही नव्हतं. आता मानपान इंग्रजीत कसा समजावायचा? बाईचं पेन कागदावर टेकलेलंच होतं. त्या उठल्या. स्टीलचा ग्लास विसळला, मशीनच्या नळाखाली भरला आणि सगळ्यांदेखत एका दमात संपवला. पुन्हा भरला आणि बाईपुढे धरला.

"घ्या. आमी हेच पेतो. माह्या बिमार पोराले बी हेच देतो."

बाईनं ग्लास घेतला नाही. ती हसली, दोन्ही हात जोडले आणि आपल्या पिशवीतून आपलीच बाटली काढून दोन घोट प्यायली. सुवर्णा ओशाळली. दौऱ्यावर असताना सील नसलेलं कुठलंच पाणी प्यायचं नाही असा त्यांच्या कार्यालयाचा नियम आहे, मनाला लावून घेऊ नका, असं तिनं हळू आवाजात सांगितलं.

"मशीन त्याईच्याच देशाचं हाय ना?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"हो."

"आन् त्याचं पाणी त्याईले चालत नाई."

सुवर्णानं हे इंग्रजीत सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. बाईनं कागदावर एक खूण केली, खाली सही केली आणि ती गाडीकडे निघाली. जाता जाता सुवर्णा अन्नपूर्णाबाईंचा हात दाबून म्हणाली की काळजी सोडा, गाव हेच पाणी पितं असंच लिहिलं आहे, मशीन कुठेही जात नाही.

गाडी रस्त्याला लागली. लिंबाखाली एकदम गलका झाला, भागवतानं उरलेल्या बाटल्या पोरासोरांत वाटायला घेतल्या. अन्नपूर्णाबाईंना मोठ्या संकटातून सुटल्यासारखं वाटलं. पाहुणीनं न घेतलेला ग्लास अजून त्यांच्या हातातच होता.

मशीनच्या खोलीच्या ओट्यावर बसलेल्या गणेशची गोळ्या घ्यायची वेळ झाली होती. त्यानं हात पुढे केला.

"दे माय इकडं. आजचा माहा एक ग्लास बाकी हाय."

त्यांनी ग्लास त्याच्यापुढे नेला आणि हात तिथंच थांबला. पाणी नितळ होतं, चार वर्षं होतं तसंच. त्यांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं. मग नाकाशी नेलं.

"काय झालं माय?"

"काई नाई." त्यांनी ग्लास लिंबाच्या बुडाशी ओतून टाकला. "भागवता, थांब. सगळ्या नोको वाटू. येक बाटली गणेशले ठेव."