तिसऱ्या मजल्यावरची तपासणी

“माझी अपंगत्वाची पेन्शन कोण कापतंय बघू! पाय सीमेवर ठेवून आलोय मी,” सुभेदार भोईटे बायकोला म्हणाले.

खर्चकपातीमुळे सगळ्या जखमी फौजींची फेरतपासणी निघाली होती. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर, आणि वीज वाचवायला लिफ्ट बंद.

“अहो, त्यांनाच खाली बोलवा की.”

“फौजी खाली थांबत नसतो.”

कठडा धरून, नकली पाय ओढत ते अर्ध्या तासानं वर पोचले. दारात कडक सॅल्यूट ठोकला.

डॉक्टरांनी कौतुकानं पाहिलं आणि लिहिलं: तीन मजले स्वतः चढले. अपंगत्व नाही. पेन्शन बंद.

उतरताना सुभेदार घसरले आणि धड पायही मोडला. हा पाय नोकरीत असताना मोडलेला नाही, त्यामुळे धरता येणार नाही, असं खालच्या खिडकीवर सांगण्यात आलं.