काळ्यावर काळं

रोज सकाळी साहेबांच्या स्क्रीनवर प्रोग्रॅमरने लिहिलेल्या स्क्रिप्टचा अहवाल उमटायचा. झालेली कामं हिरव्या अक्षरांत, अडलेली लाल. एकदा साहेबांनी त्याला चारचौघांत झापलं, तेव्हा त्याने अहवालाच्या तळाशी एक ओळ घुसडली: 'हा म्हातारा घरी कधी बसणार?' काळ्या स्क्रीनवर काळीच अक्षरं, कुणाच्या बापाला दिसणार? पुढे तो ती विसरूनही गेला.

साहेबांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात तो भरभरून बोलला. टाळ्या ओसरल्यावर साहेबांनी त्याला बाजूला घेतलं.

"ती खालची ओळ तेवढी काढून टाक. नवे साहेब तापट आहेत."

त्याची मान खाली गेली. "तुम्हाला... कधी दिसली?"

"मोतीबिंदू काढल्यापासून माझी स्क्रीन पांढरी आहे रे," साहेब म्हणाले. "तुझ्या बढतीची शिफारस केली ना, त्याच्याही आधीपासून."