बाटलीवरच्या खाचा

१९५६. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार, म्हणून कचेरीनं लक्ष्मणरावांना फॉर्म दिला: हैदराबादेत राहणार, की मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात जाणार?

पेन्सिलीनं हैदराबाद. खोडलं.
मुंबई. खोडलं.

त्या दिवसापासून त्यांना अन्न पचेना. नारायणगुड्याच्या डॉक्टरांनी पाचकरसांचं औषध दिलं. भरलेल्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी. प्रत्येक जेवणानंतर एक खाच औषध.

घरात नवरा-बायको दोघंच. "सत्यवती, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुम्ही न्याल तिकडं येईन. उगं परेशान होऊ नका, जेवा."

"तुझं बरं आहे. जिवाला घोर नाही."

पाचव्या जेवणानंतर त्यांनी बाटली उजेडात धरली.



औषध दहा खाचा खाली गेलं होतं.