लाल पेटीची काच

"काच फोडायला तुम्हाला कोणी अडवलं होतं का?" अग्निशमनच्या साहेबांनी विचारलं.

प्रश्न झाडूवाल्या मावशीला होता. उजव्या हाताला पट्टी होती, तो हात तिने मांडीवर ठेवला. भाजलं असणार, असं सगळे धरून चालले होते. कोणी विचारलंच तर ती "लागलंय" एवढंच म्हणायची.

चौकशी कपड्यांच्या कारखान्यात, शिवणखात्याच्या ऑफिसातच चालली होती. उघड्या दारातून समोरच्या भिंतीवरची लाल पेटी दिसत होती. काच शाबूत. ती फोडून आतलं बटण दाबलं की सगळ्या मजल्यांवर भोंगा वाजायचा. आगीच्या दिवशी तो वाजला नाही. वरच्या मजल्यावर इस्त्री करणारी मावशीची धाकटी बहीण खाली आलीच नाही.

"भोंगा ठणठणीत आहे," मालक म्हणाले. "परवा तुमच्यासमोर वाजवून दाखवला. पण काच फोडायला नको का कोणी? ही बाई तर पेटीखालीच झाडत होती."

"काचेवर सगळं इंग्रजी," कामगारांचा पुढारी मध्ये पडला. "हिला पांढऱ्यावरचं काळं कळत नाही, साहेब. हिचा काय दोष?"

साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "मावशी, तिथे ब्रेक असं लिहिलंय. ब्रेक म्हणजे फोडा."

"आम्हाला ब्रेक म्हणजे चहाची सुट्टी. दहा मिनिटांची. मालक आठच देतात," मावशी म्हणाली.

कारकून फिस्सकन हसला. "गाडीला असतो तोही ब्रेकच. एका शब्दाला किती कामं! अगदी माझ्यासारखं."

भिंतीला टेकून उभी असलेली भाची मात्र हसली नाही. आई गेल्यापासून ती मावशीशी बोलत नव्हती. आता बोलली.

"चेष्टा सुचतेय तुला, मावशी? एक शब्द. एवढासा एक शब्द वाचता आला नाही तुला!"

मावशीने पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढली. या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं तिची आईच म्हणायची.

साहेब मालकांकडे वळले. "काच कधी बदलली होती का?"

"कधीच नाही. अकरा वर्षं तीच आहे."

"गेल्या वर्षी तपासणीला मीच आलो होतो. कोपऱ्यात माझ्या सहीचं लेबल चिकटवलं होतं. ते दिसत नाही."

मालक हसले. "ही रोज ओलं फडकं मारते. निघालं असेल."

"तसं लिहून देता?"

"देतो की. त्यात काय!"

कारकुनाने लिहिलं. मालकांनी न वाचताच खाली सही ठोकली.

"झाली सही?" मावशीने विचारलं.

"झाली. आता तुमचा अंगठा." कारकुनाने शाईची डबी तिच्यापुढे सरकवली.

"थांबा," साहेब म्हणाले. "मावशी, खरं सांगा. लेबल तुमच्या हातून निघालं का?"

"नाही साहेब. मी ते जपून ठेवलंय."

शाईची डबी तिने बाजूला सारली. पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली आणि डाव्या हाताने गाठ सोडली. आत काचेचे तुकडे होते. एकाच्या धारेवर रक्त वाळलं होतं. दुसऱ्याच्या कोपऱ्यात लेबल होतं. साहेबांनी तो तुकडा उचलला, आपली सही पाहिली आणि ऑफिसचं दार लावून घ्यायला सांगितलं.

"बटणही दाबलं होतं," ती म्हणाली. "तीनदा."

मग तिने उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडले, भाचीला जवळ बोलावलं आणि लाल अक्षरांखालून पट्टीतलं बोट एकेक करत सरकवलं.

"बी. आर. ई. ए. के. तुझ्या आईनेच शिकवलं गं, चहाच्या सुट्टीत, त्या पेटीसमोर उभं करून."