इन्स्पेक्टर खडतरेची ताकद

शालनबाईंनी कीबोर्ड पुढे ढकलला आणि हाताची घडी घातली. "हे पान मी टाइप करणार नाही."

"का?" रहस्यकथाकार ताडकन उठले.

"तिसऱ्या पुस्तकात इन्स्पेक्टर खडतरेने एका हाताने जीप उलटवली होती. इथे त्याच्याने साधी दोरी तुटत नाही?"

"खलनायक भारी वाटायला हवा, बाई."

"मग खलनायकाला मोठं करा. माझ्या खडतरेला कशाला लहान करता?"

"तुमच्या? लिहितो मी."

"लिहिता आणि विसरता. चाळीस पुस्तकं टाइप केलीत मी. सांगा, गोळी त्याच्या कुठल्या खांद्यात आहे?"

"दुसरीकडे देतो टायपिंगला," म्हणत ते हस्तलिखित उचलून निघाले. उंबऱ्यात मात्र थबकले. पानं उलटीसुलटी चाळली.

"कुठल्या खांद्यात?"

शालनबाईंच्या हाताची घडी सुटली नव्हती. "आधी बसा."