निम्मे कपडे
"एक बॅग हरवली तरी दोघांपैकी कुणाचं अडायला नको," हे तिच्या नवऱ्याचं प्रवासशास्त्र. म्हणून दोन्ही बॅगांत निम्मे कपडे तिचे, निम्मे त्याचे. क्रूझच्या बॅगाही त्याने हौसेने महिनाभर आधीच भरून ठेवल्या, आणि आठवड्याभरात बसल्या जागी गेला. "तिकीट काढलंय, जाऊन ये, आई," म्हणत लेकीने तिला बोटीवर धाडलं. तिने आपली बॅग न उघडताच उचलली. त्याची पलंगाखालीच राहिली. केबिनमध्ये बॅग उघडली तर वरच त्याचे शर्ट. टॉवेल ठेवायला आलेला कर्मचारी थबकला. "बॅग बदललेली दिसतेय, मॅडम. तुमची शोधून आणू?" "नको. माझीच आहे." तिने एकेक शर्ट हँगरला लावून अर्धं कपाट भरलं. संध्याकाळी डेकवर गार वारा सुटला. तिचा स्वेटर घरी, त्याच्या बॅगेत. तिने त्याचा चढवला. कपड्यांवाचून तरी तिचं अडलं नाही.